सुतकाचं वर्ष

काँक्रीट वाहणाऱ्या गाडीचा ड्रम रोज धुतला तरी आतल्या पात्यांना थोडं थोडं काँक्रीट चिकटून राहतंच. त्याचा दगड होतो, आणि मग वर्षातून कधीतरी माणसानं आत शिरून तो छिन्नीनं फोडावा लागतो. भातकापणी उरकली की तोकुजी सेगावा हे काम काढायचा. मागच्या तोंडातून अंग चोरत आत जायचं, वाकड्या पात्यावर एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय कुठेतरी अडकवायचा आणि ठोकायचं. हातोड्याचा आवाज आत असा घुमतो की कानांना दडे बसतात. म्हणून त्याची बायको फुमी बाहेर उभी राहायची. बोथट छिन्नी घेऊन धार लावलेली आत द्यायची आणि मधूनमधून हाक मारायची. आतलं बोलणं बाहेर समजायचं नाही, म्हणून तोकुजी उत्तरादाखल ड्रमला एकच ठोका द्यायचा. ठोका आला की माणूस धड आहे, असं फुमी समजायची.

त्या दिवशी तिनं हाक मारली, ठोका आला, आणि तरी तिनं पुन्हा हाक मारली. तोकुजीनं डोकं बाहेर काढलं. भुवया, मिशा, सगळं राखाडी झालेलं.

"हिरुकावा मालक आलेत," ती म्हणाली.

हिरुकावा हे खोऱ्यातल्या ठेकेदारांत सगळ्यात वडीलधारे. ते गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून त्यांनी आधी तोकुजीच्या अवताराला हसून घेतलं, म्हातारपण लवकर आलं की रे, म्हणाले. मग काच वर करता करता म्हणाले, "नागुमोच्या शिगेरूनं भिंत घेतली. संध्याकाळी सराईत ये."

तोकुजी अंगणात तसाच उभा राहिला. फुमीनं बादली पुढे सरकवली, तेव्हा त्यानं तोंड धुतलं.

आमच्या यामागाता प्रांतातल्या डोंगरात शेतीचं पाणी पाळीनं घेतात. वरच्या खाचराचं झालं की खालच्याचं. कोणी मध्येच बांध फोडून पाणी आपल्याकडे वळवलं, तर गाव त्याच्याकडे नुसतं बघतं, बोलत नाही. ठेकेदारांच्या बापजाद्यांनी सरकारी कामंही तशीच वाटून घ्यायचं ठरवलं. रस्ता असो, पूल असो, टेंडर निघालं की सगळे गरम झऱ्याच्या सराईत बसायचे. चहा व्हायचा. ज्याची पाळी तो आपला आकडा तोंडी सांगायचा, आणि बाकीचे आपापल्या लखोट्यात त्याहून मोठा आकडा लिहायचे. मग टाय लावून सगळे नगर कचेरीत जायचे आणि तिथे साहेब ते लखोटे गंभीर चेहऱ्यानं फोडायचा. याला दांगो म्हणतात. हा गुन्हा आहे हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं आणि फोडणाऱ्यालाही. जास्तीचा पैसा गावाचाच जायचा, पण कोणा एकाच्या खिशातून गेलेला दिसत नसे, म्हणून कोणी ओरडत नसे.

तोकुजी काही ठेकेदार नव्हता. पण खोऱ्यात काँक्रीटचा प्लांट त्याचा एकट्याचा. खिंडीपलीकडे दुसरा होता, पण त्या वळणांवरून माल येईपर्यंत तो आळून मरून जायचा. त्यामुळे सराईतल्या खोलीत दाराजवळची एक गादी तोकुजीची असायची.

संध्याकाळी तो गेला तेव्हा सगळे येऊन बसले होते. कामिसावा वस्तीच्या शाळेच्या रस्त्यावर उन्हाळ्यातल्या पावसात दरड आली होती. तिथे आधाराची भिंत बांधायची होती, आणि ती पाळी इवाबुचीची होती. इवाबुची अंगानं दांडगा, बोलायला जड. सेंट्रिंगच्या फळ्यासुद्धा त्यानं आणून ठेवल्या होत्या. मांडीवर मुठी ठेवून तो बसला होता. हिरुकावांनी स्वतः सगळ्यांना चहा ओतला. वर्षभर मुकाट मोठा आकडा लिहिणाऱ्या पोरानं या वेळी एकदम लहान आकडा कसा लिहिला, यावर थोडं बोलणं झालं. कोणी म्हणालं, बाप असता तर कानफटात दिली असती. कोणी म्हणालं, बाप होता तोवर असं घडलंच नसतं.

मग हिरुकावा तोकुजीकडे वळले. "तू सांगितलं होतंस ना त्याला? सुतकाचं?"

शिगेरूचा बाप आदल्या वर्षी पानगळीच्या सुमाराला गेला. काम सुरू करताना देवळाचा पुजारी येऊन जमिनीची पूजा करतो, आणि ठेकेदारानं त्याच्यापुढे उभं राहायचं असतं. सुतक असलेल्या घरानं वर्षभर देवळाच्या कमानीखालून जाऊ नये अशी आमच्याकडची रीत. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की वर्षभर नागुमोंची पाळी थांबवायची आणि वर्ष सरलं की लागोपाठ दोन कामं द्यायची. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. उलट मान होता. फक्त हे त्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि तोकुजी शेजारचा, म्हणून ते त्याच्यावर सोपवलं.

तोकुजी गेलाही होता. उदबत्ती लावली, देव्हाऱ्यातली छोटी घंटा वाजवली, फोटोपुढे हात जोडले. फोटोत शिगेरूचा बाप लग्नातल्या कोटात, मान जरा ताठ. शिगेरूची आई कियो हिनं चहा दिला. मग पुन्हा दिला, आणि पुन्हा. शिगेरू समोर गुडघे दुमडून बसला होता, काका काहीतरी सांगतील म्हणून. आणि तोकुजीच्या मनात आलं, की मेलेल्या माणसासमोर, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, कामांच्या पाळ्यांचं कसं बोलायचं? पुढल्या वेळी बोलू. तो थंडीचं बोलला, मुळ्यांचं बोलला आणि उठला. पुढल्या वेळीही तसंच झालं. नंतर उशीर झाला म्हणून बोलवेना.

"हो," तोकुजी म्हणाला.

"मग काय म्हणाला तो?"

"बरं म्हणाला."

हे दुसरं वाक्य नसतं तरी चाललं असतं. ते त्याच्या तोंडातून आपणहून निघालं.

हिरुकावांनी मान हलवली. म्हणजे माहीत असून केलं, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं होतं. कोणी त्याला मारणार नाही, कोणी शिवी देणार नाही. फक्त बर्फ पडेपर्यंत त्याची भिंत ओतली जायला नको. मुदतीत भिंत झाली नाही की कचेरी काम काढून घेईल, यादीतून नावही काढील. मग येईल आपणहून.

"मशिनं जुनी असतात," ते तोकुजीला म्हणाले. "बिघडतात."

बाकीच्यांनी कप खाली ठेवले. तोकुजीनंही ठेवला.

काही आठवड्यांनी, शिगेरू माल मागायला येणार असं कळलं त्या सकाळी, त्यानं खडी वर नेणाऱ्या पट्ट्याचे नट पान्यानं सैल केले. पट्टा लोंबला. मग तो त्याच्याशेजारी बसून सिगारेट ओढत राहिला.

शिगेरू आला तो टोपी हातात घेऊनच आला. उतारावर खोदाई झालीय, सळया बांधून झाल्यात, सेंट्रिंग दोन दिवसांत उभं राहील, म्हणाला. बापाच्या वेळचे दोन म्हातारे गडी, बायको आणि आई, एवढ्यांवर त्यानं एवढं उरकलं होतं. हातांना सळयांचे काप होते. गुरुवारी माल मिळेल का, असं त्यानं विचारलं आणि कमरेतून वाकला.

तोकुजीनं पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"बघू का मी?" शिगेरू म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता डगला काढून खाली सरपटला. ओल्या खडीवर पाठ टेकून तो बराच वेळ खाली होता. तोकुजीला त्याचे फक्त बूट दिसत होते. एका बुटाचा तळ सुटलेला, तारेनं बांधलेला. मग बुटांची हालचाल थांबली. नटावर पान्याच्या ताज्या खुणा चमकत असणार, हे तोकुजीला तेव्हा कळलं.

"काका, पाना द्या जरा," खालून आवाज आला.

तोकुजीनं पाना दिला. शिगेरूनं सगळे नट आवळले. बाहेर येऊन पाठ झटकली, पाना फडक्यानं पुसून परत दिला.

"सैल झाले होते," तो म्हणाला. "होतात कधीकधी आपोआप."

त्यानं वर पाहिलं नाही. गुरुवारचं पुन्हा विचारलंही नाही. वाकून नमस्कार केला आणि गेला. तोकुजीला वाटलं, यानं पाना तोंडावर फेकला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी तोकुजीनं सिमेंट आलं नाही असं कळवलं. नंतर गाडीचा टायर निघाला. उतारावर सेंट्रिंग उभं राहून वाट बघत राहिलं आणि फळ्यांवर सकाळी पांढरं दव धरू लागलं.

त्या आठवड्यात फुमी नागुमोंकडे मुळे खारवायला गेली. दरवर्षी दोन्ही घरचं एकत्रच असायचं. वळचणीला टांगून मऊ पडलेले मुळे उतरवायचे, पिंपात भाताच्या कोंड्यात मिठाचे थर देत दाबायचे आणि वर नदीतला दगड ठेवायचा. कियोचे हात दिवसभर सळया बांधून सुजले होते, म्हणून या वेळी फुमीच दाबत होती. कामाच्या ओघात कियो बोलली. रडगाणं नव्हतं, मुळ्यांचं बोलावं तसं बोलली. वर्षभर एक काम नाही आलं घरात. का, ते कोणी बोललं नाही. शिगेरू म्हणतो, बाबांनी जाता जाता कोणाचं तरी काही वाईट केलं असणार, आई, तुला माहीत असेल तर सांग. मी आठवून आठवून थकले गं. मग तो म्हणाला, पाळी येणारच नसेल तर वाट बघण्यात काय अर्थ, गड्यांनी खायचं काय? आणि लिहिला खरा आकडा.

फुमी घरी आली ती हातपाय न धुता नवऱ्यासमोर बसली. हातांना कोंड्याचा आंबूस वास होता.

"तुम्ही सांगायला गेला होतात ना त्यांच्याकडे?"

तोकुजी जेवत होता. त्यानं चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"कियोमावशी नवऱ्याला दोष देतेय," फुमी म्हणाली. "मेलेल्याला."

फुमीनं पुन्हा विचारलं नाही. तिनं भांडी उचलली, त्याचं अर्धं जेवण तसंच ठेवून. त्या घरात भांडण झालं नाही. पण त्यानंतर ती त्याला 'अहो' म्हणेना. काम असेल तर नुसती समोर येऊन उभी राहायची.

रेडिओनं रात्री बर्फ पडेल असं सांगितलं त्या सकाळी हिरुकावांचा फोन आला. आता माल पाठव, म्हणाले. पाठवला नाही असं कोणी म्हणायला नको. पुलावर जरा थांबावं लागेल.

तोकुजीनं घमेली मोजून नेहमीपेक्षा चोख माल बनवला. कोमट पाणी घातलं. गाडी स्वतः चालवली. पुलावर इवाबुचीचा डंपर आडवा उभा होता, बॉनेट उघडं. इवाबुची आत डोकं घालून उभा होता, हाताला तेलाचा डागही नव्हता.

पुलावरून कामिसावाचा उतार समोर दिसतो. फळ्यांभोवती गवताच्या चटया गुंडाळलेल्या होत्या. डब्यांत कोळसे पेटवून चटयांच्या आत ठेवले होते, म्हणजे रात्री काँक्रीट गोठू नये. धूर सरळ वर जात होता. चार-पाच माणसं फावडी घेऊन ओळीनं उभी, सगळी पुलाकडे तोंड करून. त्यातली सगळ्यात बुटकी कियो.

मागे ड्रम फिरत होता. काँक्रीट फिरवत ठेवलं तर काही तास जगतं, नंतर फिरवूनही उपयोग नसतो. तोकुजी गाडीत बसून राहिला. हात स्टिअरिंगवर, जणू आत्ता निघायचंय. शाळेतली पोरं रस्ता बंद करायला बांधलेल्या दोराच्या पलीकडून, दरडीच्या चिखलातून एकेक करत पुलावर आली. अंग चोरून डंपरला वळसा घालून गेली. त्यांचे गुडघ्यापर्यंत भरलेले बूट त्याला आरशात बराच वेळ दिसत राहिले.

तो खाली उतरला.

"बाजूला घे," तो इवाबुचीला म्हणाला.

"बिघडलाय."

"मी त्याला सांगितलंच नव्हतं. सुतकाचं. तो फसवायला गेला नव्हता, त्याला माहीतच नव्हतं."

इवाबुचीनं बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं.

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"आत्ता सांगतोय."

"माझ्या फळ्या पडून आहेत. माझी बायको महिनाभर त्याच्या आईला रस्त्यात ओळख देत नाहीय." इवाबुचीनं फडकं आपटलं. मग त्याचा जोर ओसरला. "मला विचारून यावं लागेल."

"किल्ली फिरव फक्त."

"मालकांना विचारून येतो," इवाबुची म्हणाला. किल्ली खिशात टाकून तो फोन असलेल्या दुकानाकडे चालत गेला. तो वाईट माणूस नव्हता. पण न विचारता हलायची सवय आमच्यापैकी कोणालाच नव्हती. हिरुकावा घरी नव्हते, त्यांना शोधून आणेपर्यंत तो दुकानात वाट बघत बसला. परत येऊन त्यानं डंपर हलवला तेव्हा सूर्य डोंगराआड चालला होता.

तोकुजीनं उतारापाशी गाडी लावली, मागची पन्हळ सोडली. माल आला तो घरंगळत नाही, ढेकळांसारखा पडला. त्यानं मूठभर हातात घेऊन दाबला. मुठीतून पाणी सुटलं नाही. शिगेरू जवळ आला, त्यानंही बघितलं.

म्हातारा गडी हळूच म्हणाला, पाणी मारलं तर उतरेल. ते खरं होतं. पाणी घातलेलं काँक्रीट गुळगुळीत उतरतं, दिसायला छान दिसतं, कचेरीच्या माणसाला काही कळत नाही. एका हिवाळ्यात त्याच्या पोटात भेगा पडतात. शिगेरूनं त्या चिखलातल्या वाटेकडे पाहिलं, पोरांच्या पावलांनी तुडवलेल्या, आणि नको म्हणून मान हलवली. फावडं जमिनीत रोवून ठेवलं.

ड्रमच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तोकुजीनं गाडीत हात घालून इंजिन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली, की कोळशांचा तडतड आवाज येऊ लागला. तो चिखलात गुडघे टेकून बसला आणि सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. सुतकाचं ठरलं होतं ते, दोन कामं राखून ठेवली होती ते, फोटो, चहा, सराईतलं 'बरं म्हणाला', पट्ट्याचे नट. सांगताना तो कियोकडे बघू शकला नाही, म्हणून तिच्या सुजलेल्या हातांकडे बघत बोलला.

शिगेरू म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही तीन कप चहा प्यायलात, काका. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, याला काहीतरी सांगायचंय, पुन्हा येईल तेव्हा सांगेल."

"मग मी घरात नेहमी चांगला चहा ठेवायचे," कियो म्हणाली. मग आणखी एकच विचारलं. "म्हणजे यांनी कोणाचं काही वाईट केलं नव्हतं?"

"नाही, मावशी."

तिनं मान हलवली आणि विझत आलेले डबे गोळा करायला गेली. तोकुजी उठून चटया सोडायला लागला. कोणी त्याला नको म्हणालं नाही, घे म्हणालं नाही. अंधार पडायला आला तेव्हा पहिले बारीक कण उतरू लागले. तो गाडीशी आला, इंजिन सुरू केलं, ड्रमचा दांडा ओढला. ड्रम हलला नाही. कण्हला, थरथरला आणि तसाच राहिला. बोलायला शांतता हवी म्हणून त्यानं तो थांबवला होता, आणि पुन्हा फिरवायचं विसरला होता.

बर्फ रात्रभर पडलं. काही दिवसांत कचेरीनं काम काढून घेतलं. हिरुकावा प्लांटवर आले, या वेळी गाडीतून उतरले आणि तोकुजीच्या खांद्यावर हात ठेवून हसले. गैरसमज झाला म्हणायचा, म्हणाले. भिंत वसंतात इवाबुचीच बांधेल. शिगेरूचं नाव यादीत परत घालायला सांगू, पाळीही देऊ. आणि तुलाही काय बोलणार? फोटोपुढे बसून धंद्याचं बोलायला मलाही जमलं नसतं. चांगल्या माणसालाच जमत नाही ते.

तोकुजीनं त्यांचा हात खांद्यावर तसाच राहू दिला.

ड्रममध्ये सबंध खेपेचा दगड झाला होता. गाडी फेकून दे, असं सगळे म्हणाले. तोकुजी रोज सकाळी बर्फ बाजूला करायचा आणि छिन्नी घेऊन आत शिरायचा. दिवसभर ठोकून घमेलंभर निघायचं. तळहात फुटले, मनगट सुजलं. फुमी बाहेर उभी राहायची, छिन्न्या बदलून द्यायची. हाक मात्र मारायची नाही. नुसती कान देऊन असायची.

एका सकाळी कियो आली. डोक्यावर फडकं, हातात झाकलेलं भांडं. दर हिवाळ्यात पहिलं पिंप उघडलं की पहिले मुळे ती इकडे आणायची. कियो तिला ओलांडून ड्रमच्या तोंडाशी गेली आणि आत वाकली.

"तोकुजी. शिगेरू आज सकाळच्या गाडीनं गेला. दोघे गडीपण. तोक्योजवळ कुठे बोगद्याचं काम आहे म्हणे."

आतले ठोके थांबले.

"मुळे आणलेत. या वेळी मीठ जरा जास्त झालंय, माझा हात नव्हता ना." आत अंधार होता, तिला काही दिसत नसणार. "एकट्यानं कसलं होतंय हे. शिगेरू असता तर शिरला असता तुझ्याबरोबर आत."

भांडं तिनं पायरीवर ठेवलं आणि आल्या पावलांच्या खुणांतूनच परत निघाली.

फुमी वाट बघत राहिली. आतून काही येईना, ठोका नाही, खोकला नाही. बर्फात असा आवाज मरतो की जग उरलंच नाही असं वाटतं. शेवटी तिच्यानं राहवेना. ती ड्रमच्या तोंडात वाकली आणि कित्येक दिवसांनी म्हणाली,

"अहो."

खूप वेळानं आतून एक ठोका आला. हातोड्याचा नव्हता तो, नुसत्या मुठीचा होता.